दादांनी चालू केलेली जेट स्की

“सरक तिकडं. असलं इंजिन मी डोळे झाकून चालू करतो,” आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी जेट स्कीची सीट उचलली.

सीटखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. माश्यांनी त्यांचे दोन्ही डोळे खरोखरच झाकले.

जेट स्की त्यांच्या धाकट्या भावानं, कानिफनाथनं, आणली होती. धरणावरचा बोटिंग क्लब बंद पडला, तिथल्या भंगारातून. टेम्पोतून ती उतरली तेव्हा त्याची बायको माधुरी सगळ्यांदेखत ओरडली, “डाळिंब वाळून चाललंय, कळ्या गळाल्यात, आन तुमाला पान्यातली स्कूटर सुचती?”

ओरडण्यासारखंच होतं. शेततळं दोघा भावांचं, पण त्यात पाणी उपसायची मोटर टाकायची ती फक्त आप्पासाहेबांनी, असा पंचांचा निवाडा होता. निवाडा आप्पासाहेबांच्याच ओट्यावर, मटणाच्या जेवणानंतर झाला. धाकट्याला पोहायची, मासे धरायची, होडी घालायची मोकळीक होती. तळ्यात पाणी होतं, बांधापलीकडं कानिफनाथची बाग कोरडी होती, आणि पावसाचा पत्ता नव्हता.

“शिर्डीला जानाऱ्या गाड्या थांबवू,” कानिफनाथ म्हणाला. “लोकं फेऱ्या मारतील. डाळिंब गेलं तर गेलं.”

सूज उतरल्यावर आप्पासाहेब पाने घेऊन परत आले. “तुला सायकलची चेन बसवता येत न्हाई. मी हाय म्हनून बरं.”

“नगंच दादा. सोनईचा मेस्त्री म्हनला, हे इंजिन मेलंय. तुमाला बी न्हाई जमायचं.”

झालं. आप्पासाहेबांनी बाह्या वर सारल्या.

त्यांनी प्लग काढले, आत तेल सोडलं आणि स्टार्टर मारला. प्लगच्या भोकातून गंजाचं लाल पाणी उडालं ते थेट त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. कार्बोरेटर उघडला, त्यात मुंग्या. सायलेन्सरमधून उंदरीण निघाली, पिल्लांसकट.

“सोडा दादा.”

“मी बापाला न्हाई सोडलं. ह्याला सोडतो व्हय?”

कानिफनाथ पाना पुसत बसला. “मागनं पानी लई जोरात फेकतं का वो हे?”

“खालनं वढतं, मागनं फेकतं. त्याच्यावरच तर पळतं. येड्या, येवडं बी ठावं न्हाई आन भंगार घेऊन आला!”

“मग मागच्या तोंडाला वर वळलेला पाईप बसवला तर? कारंजं दिसलं की पब्लिक थांबंल.”

कारंजं आप्पासाहेबांना फार आवडलं. वळलेला पाईप त्यांनी स्वतःच बसवला, वर एम-सील थापलं आणि पट्ट्यांनी आवळून टाकला.

“हँडल मातर वळत न्हाई,” ते म्हणाले.

“राहू द्या. कुठं वळायचंय लगेच?”

जेट स्की तळ्यात उतरवली त्या दिवशी निम्मं गाव बांधावर आलं. तिन्ही पंच खुर्च्या टाकून बसले. कानिफनाथनं जेट स्कीचं नाक आप्पासाहेबांच्या मोटरच्या लोखंडी स्टँडला टेकवून दोरानं बांधलं आणि शेपूट आपल्या बांधाकडं केलं.

“दोर कशापायी?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“तुमाला पवता येत न्हाई, दादा.”

“मी कुनाच्या बापाला भीत न्हाई!” असं म्हणून ते लाईफ जॅकेट घालून वर बसले.

त्यांनी बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. बांधावर शिट्ट्या वाजल्या. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि रेस दिली. नाक स्टँडवर दाबलं गेलं, जेट स्की जागीच थरथरली आणि मांडीएवढ्या जाडीचं कारंजं बांधावरून पलीकडं पडायला लागलं. पंचांनी टाळ्या वाजवल्या.

“अशीच धरा, दादा!” कानिफनाथ ओरडला आणि त्यानं पेट्रोलचा दुसरा कॅन पुढं आणून ठेवला.

आप्पासाहेबांनी मान वळवून पाहिलं. बांधापलीकडं माधुरी खोरं घेऊन पाटात उभी होती. तिनं डाळिंबाच्या पहिल्या ओळीचं तोंड उघडून पाणी आत घेतलं. आप्पासाहेबांनी रेस सोडली. ती होती तिथंच अडकून राहिली. मग त्यांनी इंजिन बंद करायचं बटण जोरात दाबलं. बटण निघून तळ्यात पडलं.