न घेतलेलं नाव

लंकाबाईंच्या दारात चपला होत्या आणि चंद्रभागाबाई त्यातली एकेक ओळखत होत्या. ही निळ्या पट्ट्याची संजनाची. ही झिजलेल्या टाचेची कुसाबाईची. आणि कडेला नीट काढून ठेवलेली वेदिकाची. अख्खं भगिनी मंडळ आत बसलं होतं. मंडळाच्या अध्यक्षा, म्हणजे त्या स्वतः, तेवढ्या बाहेर उभ्या होत्या, भर दुपारी शरणपूर रोडवरून चालत आल्यामुळे घामाघूम झालेल्या.

संशय त्यांना नाताळापासूनच होता. चर्चमधल्या बैठकीत त्या काहीही म्हणाल्या की सगळ्या "हो मावशी" म्हणत. ईस्टरची तयारी असो की आजाऱ्यांच्या भेटी, कोणी ब्र काढत नसे. "आमच्या मंडळात वाद म्हणून नाही," असं त्या पाळकसाहेबांना कौतुकाने सांगत. पण हल्ली त्या आल्या की चाललेलं बोलणं थांबायचं. प्रार्थनेसाठी कोणाची काही विनंती आहे का, असं विचारलं की सगळ्या सतरंजीकडे बघत. "सगळं ठीक आहे मावशी." इतक्या बायका, आणि सगळ्यांच्या घरी सगळं ठीक? हे काही त्यांना पटत नव्हतं.

आता चंद्रभागाबाईंची एक खोड होती. जे तोंडावर बोलायचं ते त्या प्रार्थनेत बोलत. "हे प्रभू, ज्या बहिणींना गाण्यांच्या सरावाला वेळेवर येणं जमत नाही, त्यांना घड्याळाकडे बघायची बुद्धी दे." डोळे मिटलेले, हात जोडलेले. उलट उत्तर देणार कोण? आमेन म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. वेदिकाने एकदा रडत रडत नवऱ्याच्या दारूचं त्यांच्या कानावर घातलं, तर पुढच्याच रविवारी त्यांनी भर चर्चमध्ये माईकवरून मागणं मागितलं, "प्रभू, आमच्या वेदिकाच्या घरातली बाटली दूर कर." आपण केवढी माया केली, असं त्यांना वाटलं. वेदिकाचा नवरा मागच्या बाकावरून उठला आणि निघून गेला. तो पुन्हा चर्चची पायरी चढला नाही.

आणि वेदिका? ती हल्ली रविवारची उपासना संपली की कोणाशी न बोलता एसटी स्टँड गाठायची. कुठे जातेस, म्हणून विचारलं तर "काम आहे" एवढंच. म्हणजे हा सगळा कट हिचाच. पुढच्या रविवारी मंडळाची निवडणूक होती आणि या बायका आपल्याला काढणार, याबद्दल चंद्रभागाबाईंना शंका उरली नव्हती. का काढणार, तेही त्यांनी ताडलं होतं. रविराजचं यांना कळलं असणार.

रविराज त्यांचा एकुलता मुलगा. तो पुण्याला कंपनीत लागला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे तो नांदगावकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. त्यांचा भाऊ धोंडीराम त्याला तिथे सोडून आला होता. त्या स्वतः एकदाही गेल्या नव्हत्या. जीव तुटायचा, पण तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर? दुसऱ्याच्या घरातली बाटली माईकवरून काढणाऱ्या बाईच्याच घरात हे निघालं, तर चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती. या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

त्यांनी दाराला कान लावला.

आत संजना सांगत होती की सासूशी भांडताना तोंडातून नको ते गेलं. मग कुसाबाईंचा आवाज आला. छातीत गाठ लागतेय, पण डॉक्टरकडे जायची भीती वाटते. चंद्रभागाबाई हबकल्या. कुसाबाई त्यांना रोज दूध आणायला जाताना भेटायच्या. एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

"आता नेहमीसारखं, त्या एका बाईसाठी," लंकाबाई म्हणाल्या. "नाव नाय घ्यायचं."

बाहेर चंद्रभागाबाईंचं मस्तक भणाणलं. एवढ्यासाठीच जमतात तर या. त्यांनी दार ढकललं.

"कोणाचं नाव नाही घ्यायचं?"

प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे सगळ्यांनी उघडले. संजनाने घाईघाईने ओले गाल पुसले. कुसाबाईंनी पदर सावरला. लंकाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आम्हाला तरी कुठं ठाऊक हाय, चंद्राबाई," त्या म्हणाल्या. "कोणी तरी हाय, लय दुःखात. वेदिकाला तेवढं माहीत. ती काय सांगत नाय अन् आम्ही विचारत नाय."

चंद्रभागाबाई वेदिकाकडे वळल्या. "मग सांग की. घाबरतेस कोणाला?"

वेदिका उठली. तिने चंद्रभागाबाईंचा हात धरला, त्यांना बाहेर आणलं आणि मागे दार ओढून घेतलं. चपलांच्या मधोमध दोघीच उभ्या राहिल्या. आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून वेदिका अगदी हळू बोलली.

"आमचे हे नांदगावकडच्या केंद्रात आहेत, मावशी. रविवारी मी तिकडेच जाते." "ह्यांच्या शेजारचाच पलंग रविराजचा. दर रविवारी मला विचारतो, आई आली का."