नव्या मशीनची पूजा

कल्पना करा बाळांनो, उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात विश्वकर्मा पूजा आहे आणि नव्या मशीनपुढं नारळ फोडायचा मान तुमच्याच वयाच्या गंधालीला मिळालाय. तिच्या बाबांनीच, नीलकंठनं, राबून राबून ते मशीन बसवलं होतं. "हे चालू झालं का साहेब मले सुपरवायझर करतो म्हणाले," असं तो घरी रोज सांगे.

गंधालीनं एका घावात नारळ फोडला. टाळ्या थांबल्यावर मॅनेजर साहेब नीलकंठकडे वळले.

"आता तुमचं काम हे मशीनच करेल, भैया. उद्यापासून यायची गरज नाही."

"अन् सुपरवायझरचं, साहेब?"

साहेबांनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

 

गंधालीनं नारळाची दोन्ही भकलं उचलली आणि ती पुन्हा एकमेकांना जोडू लागली.