दुसऱ्या भागातला धूर

धाटावच्या केमिकल कंपन्यांमागच्या व्हिडिओ हॉलमध्ये पुंडलिकने मध्यंतराला कॅसेट थांबवली. "कसा वाटतोय भुताच्या पिक्चरचा दुसरा भाग?"

"पोराबाळांना घेऊन बघावा असा हाय," हौसाकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली.

"पहिल्यापेक्षा भारी, काका!" तिची लेक मृणाली खोकत म्हणाली. "ती पोरगी भूत होऊन येते ना, तवा पांढरा धूर टीव्हीच्या बाहेर येतो. घसा खरंच जळतो."

सगळे हसले. वासाचं कुणालाच काही वाटलं नाही, तो तर तिथं रोजचाच.

पुंडलिकने सकाळीच अख्खा पिक्चर बघितला होता. त्यात धूर कुठंच नव्हता.

त्याने टीव्ही बंद करून दिवा लावला. धूर दाराखालून आत येतच होता, आणि कंपनीचा धोक्याचा भोंगा अजून वाजला नव्हता.