चुड्यातली पांढरी बांगडी

कालिंदीबाई सवाष्ण गेल्या. जावेनं त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. हिरव्या चुड्यात एक पांढरी बांगडी होती, नवऱ्याच्या, दिगंबररावांच्या, हृदयातल्या स्टेंटशी बिनतारी जोडलेली. तिथली रक्ताची वाट पुन्हा अरुंद होऊ लागली की ती थरथरायची. कालिंदीबाई अंगठ्यानं दाबून ती थांबवायच्या आणि म्हणायच्या, "चला दवाखान्यात." ते म्हणायचे, "उद्या बघू."

"काकू, तेवढी पांढरी काढून द्या. बाबांना लागेल," मुलगी उज्ज्वला म्हणाली.

"सवाष्णीच्या हातातली बांगडी काढत नाहीत गं."

तेवढ्यात बांगडी थरथरली. सगळा चुडा किणकिणला. बायका दचकून मागे सरकल्या.

दिगंबरराव पुढे झाले. त्यांनी बायकोचा अंगठा बांगडीवर टेकवला. अंगठा गार होता. बांगडी थांबेना.

"बाबा, आत्ताच निघायला हवं," उज्ज्वला रडवेल्या आवाजात म्हणाली. "आईला आम्ही पोचवतो."

ते बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"दरवेळी हिला उद्या बघू म्हणालो," ते म्हणाले. "आज नाही म्हणत."

त्यांनी चपला घातल्या आणि बायकोच्या आधी ते घराबाहेर पडले.