बाहेरची फळी

“एवढ्या मोठ्या बशीत एकच सार्डिन?” देओलिंदा वाढणाऱ्या मुलीला म्हणाली. “बाकीच्या पोहत गेल्या वाटतं!”

समोर बसलेल्या बेलमिरुनं मान खाली घातली. लिस्बनच्या या गोदीत त्यानं उमेदीची वर्षं जहाजं रंगवण्यात घालवली होती. आता तिथे काचेची हॉटेलं होती. तो इकडे फिरकत नसे, पण आज देओलिंदा हट्टालाच पेटली होती. पंचाहत्तरी उलटली तरी अंगात लाल स्वेटर, मांडीवर गच्च धरलेली पर्स. “काळं घालायला मी विधवा आहे का? नवरा फ्रान्समध्ये मजा मारतोय,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

भिंतीवर गोदीच्या फाटकावरच्या दोन फळ्या शोभेला टांगल्या होत्या. एक ‘आत’, एक ‘बाहेर’. कामावर येताना आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ‘आत’च्या खिळ्याला लावायचा, जाताना ‘बाहेर’च्या. ‘आत’ची फळी रिकामी झाल्याशिवाय जहाजाच्या टाकीचं झाकण बंद होत नसे.

“एकशे बारा. जासिंतुचा,” ती ‘बाहेर’च्या फळीवरच्या एका बिल्ल्याकडे बोट दाखवत म्हणाली. “तो गेला त्या संध्याकाळीही बिल्ला बाहेरच होता ना?”

“होता.”

“म्हणून कुणी शोधलं नाही. बाई घेऊन पळाला म्हणे! चाळीस वर्षं गल्लीत तोंड वर करता आलं नाही मला.”

बेलमिरुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देओलिंदाचा नवरा जासिंतु त्याचा जिवलग, दोघं एकाच टाकीत रंग मारायचे. जासिंतु गेल्यापासून दर रविवारी बेलमिरु देओलिंदाकडे मासळी घेऊन जाई. मित्राचं पाप हा बिचारा फेडतोय, असं गल्ली म्हणायची.

“आळशी मेला,” ती हसली. “मॅच असली की दुपारीच भिंतीवरून उडी टाकून पसार.”

“जीव होता त्याचा फुटबॉलवर.”

“मग संध्याकाळी त्याचा बिल्ला बाहेर कोण लावायचं?”

बेलमिरुनं काटा बशीत ठेवला.

“मी. त्याचा पगार कापू नये म्हणून.”

“त्या संध्याकाळी?”

बाहेर पांढऱ्या नौका डुलत होत्या. त्यांच्याकडे बघत तो बोलू लागला.

“मला वाटलं, मॅचला पळाला असेल. सकाळी त्याचं जाकीट खुंटीवर दिसलं, तेव्हा टाकी बंद होऊन जहाज समुद्रात पोचलं होतं.”

देओलिंदानं पर्स उघडली, इस्त्री केलेला काळा रुमाल काढला आणि डोक्याला बांधला.