विलायती बॅरिस्टरचा पगार

“पगार दुप्पट करा सर, नाहीतर मी दुसरीकडे बघते,” असं अरित एका दमात बोलून गेली.

बॅरिस्टर एन्डेमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नायजेरियातल्या कॅलाबारमधलं त्यांचं चेंबर म्हणजे दोन खोल्या, एक म्हातारा टायपिस्ट आणि अरित.

“दुप्पट? पोरी, असे निर्णय एकट्याने होत नाहीत.”

“चेंबर तर तुमचं एकट्याचंच आहे ना?”

“चेंबर माझं आहे,” त्यांनी कबूल केलं. “सोमवारी सांगतो.”

बायकोला विचारणार असतील, असं मनाशी म्हणत अरित बाहेर पडली.

इंग्लंडातून कायदा शिकून ती परतली, तेव्हा अख्ख्या आळीला वाटलं होतं, आता ही मोटारीतून उतरणार. ती उतरायची तीनचाकी केकेतून, आणि तेही फक्त कोर्टाच्या दिवशी. एरवी चपला फटफटत चालत यायची, बूट पिशवीत. काळा सूट एकच, विलायतेतला, कोपरांवर चकाकायला लागलेला. खोलीवर वीज नसली की इस्त्री चेंबरमध्ये. महिनाअखेर आली की गार पाण्यात भिजवलेली गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा, आणि मूठभर शेंगदाणे.

“एवढी विलायतेत जाऊन शिकलीस तरी काय गं?” शेजारीण विचारायची.

“उपास करायला!” अरित हसत सांगायची आणि वाडगं चाटूनपुसून साफ करायची.

हे सगळं तिने हौसेने पत्करलं होतं. तिच्या पप्पांचं, असुक्वोंचं, बाजारात सिमेंटचं मोठं दुकान होतं आणि लेकीने तिथेच बसावं, हा त्यांचा धोशा होता. “वकिलांनी शहर भरलंय. त्यापेक्षा गल्ल्यावर बस, चार माणसं सलाम करतील.”

“वर्षभर माझ्या पगारावर राहून दाखवते,” तिने ठणकावलं होतं. “घरून फुटकी कवडी घेणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने दुकानात येईन.”

“बघू,” पप्पा मिशीत हसले होते.

मग बऱ्याच चेंबरांनी तिला वाटेला लावलं. ‘आधी इथल्या कोर्टाची हवा लागू दे’ म्हणून कुणी, तर ‘तुझं इंग्रजी आमच्या अशिलांना कळायचं नाही’ म्हणून कुणी. एन्डेमनी मात्र फारशी चौकशी न करता ठेवून घेतलं. पगार चिमणीच्या दाण्याएवढा, पण स्वतःच्या कमाईचा!

पगारवाढ मागायचं बळ तिला इक्वो मासेवालीने दिलं. दांडगाई करून इक्वोचा गाळा कुणीतरी बळकावला होता. अरितने कोर्टात अशी काही उलटतपासणी घेतली, की त्या दांडगोबाला स्वतःच्या गाळ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तेच सांगता येईना. न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी इक्वो टोपलीभर सुके मासे घेऊन चेंबरमध्ये आली, आणि तिच्या मागोमाग निम्मा बाजार. “ती विलायती पोरगी कुठंय?” बायका विचारायच्या. एन्डेमसाहेब दारातच उभे असले, तरी त्यांना बाजूला सारून आत शिरायच्या.

रविवारी चर्चनंतर ती आईकडे जेवायला गेली. आईच्या हातचं अफांगच्या पाल्याचं कालवण खोलीवर न्यायला तिची ना नसे. कालवण म्हणजे काही पैसे नव्हेत!

“या बॅरिस्टरसाहेब! गाडी कुठे लावलीत?” पप्पांनी सुरुवात केली.

“पायांना लावलीय, पप्पा. पेट्रोल लागत नाही.”

“वर्ष भरत आलं हां. दुकानात तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवू ना?”

“ठेवा, पण गिऱ्हाइकांसाठी. मी परवा पगार दुप्पट मागितला.”

पप्पांचा घास घशात अडकला. आईने पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं.

“दुप्पट!” खोकला थांबल्यावर ते म्हणाले. “अगं, देणाऱ्याचा काही विचार? बाजार किती मंदा आहे!”

“तुम्ही त्यांची बाजू घेता?”

“बाजू कसली! माणसाने अंथरूण पाहून पाय पसरावेत.”

“त्यांनी नाही म्हटलं, तर राजीनामा देईन,” अरित म्हणाली. “मग हवं तर लावा मला सिमेंट मोजायला. पण फुकटात राबणार नाही.”

पप्पा ताटात बोट फिरवत राहिले. एवढं बोलणाऱ्या माणसाला असं ताट चिवडताना बघून अरितला वाटलं, आपण जिंकलो. आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. म्हातारे झाले पप्पा. खरंच दुकानात मदत हवी असेल का त्यांना?

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते घाईने मागच्या पडवीत गेले. अरित हात धुवायला स्वयंपाकघरात आली. पडवीकडची खिडकी उघडी होती.

“बोला, बॅरिस्टर एन्डेम,” पप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

नळ वाहत राहिला. पप्पा तिच्या साहेबांना ओळखतात, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“हो हो, आत्ताच कळलं मला. होय म्हणून टाका तिला. नाही, तिच्या आईलासुद्धा माहीत नाही.” मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. एकदा हुंकार दिला. एकदा नाक ओढलं. आणि अचानक आवाज दाबायचं भान विसरून ओरडलेच, “म्हणजे? पहिल्या दिवसापासून तिचा पगार मी भरतोय, आणि आता तुम्ही म्हणता, या महिन्यापासून माझे पैसे नकोत, दुप्पट पगार तुम्हीच देणार?”