चौकटीबाहेरची माणसं

नगरच्या कॉलेजात प्रज्ञाचा सॉफ्टवेअर डिझाईनचा विषय दोनदा राहिला होता आणि दोन्ही वेळा चूक तीच. आकृतीत सिस्टिमची चौकट आखली की तिच्या हातून माणसं आपोआप आतच काढली जायची. उद्याच्या परीक्षेतही तेच झालं तर डिग्री हातची जाणार होती. खोडून खोडून कागद फाटला, तशी ती रडायलाच लागली.

"काय झालं गं?" गावाला पाणी सोडून वस्तीवर परतलेल्या भीमराजनं लेकीला विचारलं.

"बाबा, सिस्टिम ज्यांच्या जिवावर चालते, ती माणसं चौकटीच्या बाहेर काढायची असतात. कितीदा घोकलं, तरी डोक्यात बसंना."

भीमराजनं वॉल्व्हची लांब चावी भिंतीला टेकवली.



"घोकायचं कशाला, पोरी? आधी गाव काढ, मग आपली वस्ती काढ."